अपडेटनंतर टचपॅड बिथरला? ड्रायव्हर काढण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून बाण वाटेल तिकडे पळतोय." मग कुणीतरी सांगतं, ड्रायव्हर (म्हणजे टचपॅड आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर) काढून टाक आणि रीस्टार्ट कर. तसं केलं की टचपॅड सुधारतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा ड्रायव्हर काढायचा, पुन्हा बरं वाटायचं, पुन्हा बिघाड.

या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. दोष खरोखर अपडेटचाच आहे का, हे कुणी तपासत नाही. आणि तो अपडेटचाच असेल, तर काढलेला ड्रायव्हर पुन्हा कुठल्या वाटेने परत येतो ते पाहून ती वाट कुणी बंद करत नाही. खालचं बहुतेक लिखाण विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी पुढे थोडं वेगळं दिलंय.

सुरुवातीला एक सोय करून घ्या. यूएसबीचा कुठलाही साधा माऊस जोडा, शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल. माऊस नसेल तर कीबोर्डवर भागतं. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी, उघडतो. विंडोज आणि आय दाबलं की सेटिंग्ज. पुढे टॅब, बाणांची बटणं, स्पेस आणि एंटर. उजव्या क्लिकची यादी शिफ्ट आणि एफ१० ने येते. टचपॅड पूर्णच बंद पडला असेल तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा. ते एफएनसोबत चुकून दाबलं जाणं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

बाण नक्की काय करतोय?

"बिघडलाय" एवढ्याने काही कळत नाही. पाचेक मिनिटं शांतपणे बघा.

बाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारत असेल, किंवा बोट स्थिर ठेवलं तरी थरथरत असेल, तर टचपॅडला बोटाची जागा नीट कळत नाहीये. तो अडखळत, थांबत थांबत सरकत असेल, तर टचपॅड बहुधा ठीक आहे आणि यंत्रच दमलंय. मोठ्या अपडेटनंतर विंडोज बराच वेळ मागच्या बाजूला कामं उरकत असतं: फायलींची सूची नव्याने बनवणं, सुरक्षा तपासणी वगैरे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किंवा डिस्क भरलेली दिसत असेल तर लॅपटॉप चार्जरला लावून तासभर सोडून द्या. अशा वेळी ड्रायव्हरला हात लावू नका.

टाइप करतानाच बाण उडून भलत्या ओळीत जात असेल, तर तळहाताचा स्पर्श होतोय. मोठ्या अपडेटमध्ये टचपॅडची सेटिंग्ज कधीकधी मूळ पदावर जातात, म्हणून हे अपडेटनंतरच जाणवतं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड, त्यात टॅप्सखाली संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची निवडली असेल तर टाइप करताना होणारे चुकीचे स्पर्श रोखणारी व्यवस्था जवळजवळ बंदच होते. ती मीडियम किंवा लो करा. इतक्यावर अनेकांचं काम होतं. बाणाचा वेग किंवा स्क्रोलची दिशा बदलली असेल तर तेही इथेच सुधारतं. विंडोज ११ मध्ये याच पानावर सगळं मूळ पदावर आणणारं रीसेटचं बटणही आहे.

बाण एकाच दिशेने हळूहळू वाहत जात असेल, तर कीबोर्डच्या मध्यभागी लाल किंवा काळी टोपी आहे का बघा. अशा लॅपटॉपमध्ये ती टोपी दाबली गेल्यावर बाण सरकत राहतो. काही सेकंद कशालाही हात न लावता थांबलं की ती आपोआप शून्यावर येते. टोपी नसेल तर दुसरं यंत्र शोधा. वायरलेस माऊसचं छोटं रिसीव्हर पोर्टमध्येच राहिलेलं असतं आणि माऊस बॅगेत पुस्तकांखाली दाबला गेलेला असतो. ब्लूटूथ माऊसचंही तेच. स्क्रीन टचची असेल तर कधी दोष स्क्रीनचा असतो आणि बोल टचपॅडला लागतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली टच स्क्रीनची नोंद आहे, ती थोडा वेळ डिसेबल करून पाहा.

चार्जर काढा

या एका तपासणीवर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण आपल्याकडच्या घरांत हे कारण फार आढळतं आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. चार्जर काढा, बॅटरीवर पाच मिनिटं काम करा. बाण शहाण्यासारखा वागू लागला, तर ड्रायव्हरचा विषय तिथेच बाजूला ठेवा.

कारण समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपचा टचपॅड दाब मोजत नाही. पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते, आणि आतली चिप त्या बदलावरून बोटाची जागा ठरवते. जॉर्ज गेरफाइडे यांनी हे तंत्र १९८८ मध्ये विकसित केलं, आणि १९९४ मध्ये आलेल्या ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेने ते लॅपटॉपवर रुळवलं. मोजायचा बदल इतका सूक्ष्म असतो की आजूबाजूचा विजेचा गोंगाट त्यात सहज मिसळतो.

हा गोंगाट चार्जरमधून येतो. २३० व्होल्टच्या विजेचं कमी दाबाच्या विजेत रूपांतर करताना चार्जर आत खूप वेगाने चालू-बंद होत असतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये या गोंगाटाला जमिनीत जाण्यासाठी अर्थिंगची वाट असते. ती वाट नसली की तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो, आणि तुम्ही टचपॅडवर बोट ठेवता तेव्हा तुमच्या शरीरातून वाट काढू पाहतो. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट हळूच घासलं तर झिणझिण्या जाणवतात, टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो. चांगल्या चार्जरमध्ये हा प्रवाह अगदी लहान असतो, पण टचपॅडला गोंधळवायला तेवढा पुरतो.

जुन्या चाळींत, वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत स्विचबोर्डला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे तार जोडलेलीच नसते. कुठे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असतो, कुठे स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात अर्थिंगची पट्टी नुसती नावाला असते. मूळ चार्जर खराब झाल्यावर आणलेला बिननावाचा चार्जर हे आणखी एक कारण. भारतीय मानक ब्युरोची खूण नसलेला चार्जर टचपॅडपुरताच त्रास देतो असं नाही, बॅटरीलाही देतो.

मग याचा अपडेटशी संबंध का वाटतो? मोठं अपडेट सुरू करताना लॅपटॉप स्वतःच चार्जर लावायला सांगतो. आपण तो लावतो, रात्रभर ठेवतो, आणि सकाळी तसाच चार्जर लावलेला ठेवून कामाला बसतो. एरवी बॅटरीवर काम करणाऱ्याला दोष तेव्हा पहिल्यांदा दिसतो आणि नाव अपडेटचं होतं.

खात्री करायला दुसऱ्या घरी किंवा ऑफिसात, जिथे अर्थिंग पक्कं आहे तिथे, तोच चार्जर लावून बघा. तिथे बाण स्थिर असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या. स्वतः अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडण्याचा उद्योग कृपा करून करू नका. तार उलटी लागली किंवा न्यूट्रल तुटली तर लॅपटॉपच्या अंगावर पूर्ण दाबाची वीज येऊ शकते.

याच ठिकाणी दमट हवेचंही सांगतो. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात टचपॅडवर घामाचा आणि ओलाव्याचा पातळ थर बसतो. लॅपटॉप सुरू होताना टचपॅडची चिप "कुणी स्पर्श करत नाहीये" ही स्थिती शून्य म्हणून नोंदवते, वाण्याने माल ठेवण्याआधी तराजूचा काटा बघावा तशी. त्याच क्षणी तळहात टेकलेला असेल किंवा पृष्ठभाग ओला असेल तर शून्यच चुकतं. लॅपटॉप बंद करा, किंचित ओलसर मऊ कापडाने टचपॅड पुसा, कोरडा करा, आणि सुरू होईपर्यंत त्यावर हात ठेवू नका.

टचपॅड वर आलाय का?

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बाजूने बघा. टचपॅड किंचित वर उचललेला, क्लिक घट्ट किंवा आपोआप लागणारं, झाकण नीट न मिटणारं, तळ डुगडुगणारा, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खालीच किंवा अगदी लगत असते.

असं असेल तर पुढचं काही वाचू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. दाबून टचपॅड खाली बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोकदार वस्तू लागू देऊ नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती सेवा केंद्रातच बदलून घ्या आणि जुनी तिथेच जमा करा. घंटागाडीत टाकायची ती वस्तू नव्हे. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

विंडोजच्या बाहेर जाऊन बघा

इथवर काही सापडलं नसेल तर टचपॅडला अशा ठिकाणी चालवून बघा जिथे अपडेट पोचलेलंच नाही.

पहिली जागा म्हणजे बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरची, खिडकी. लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा डिलीट, काहींत एफ१० किंवा एस्केप दाबलं की ती उघडते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये तिथे बाण चालतो. तिथेही तो उड्या मारत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही, दोष यंत्रात आहे. काहीही न बदलता बाहेर पडा.

दुसरी जागा अधिक चांगली: पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखं लिनक्स चालवणं, स्थापित न करता, फक्त चाचणीपुरतं. तिथे अर्धा तास वापरून बघा. पण त्याआधी एक काळजी घ्या. अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि सुरू होण्याचा क्रम बदलला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधी बघून कागदावर लिहून ठेवा. ती हाती नसताना ही चाचणी करू नका.

दोन्हीकडे टचपॅड सुरळीत आणि फक्त विंडोजमध्ये बिथरतो, असं झालं की आता अपडेटवर आणि ड्रायव्हरवर बोट ठेवायला जागा आहे.

ड्रायव्हर: आधी तारीख बघा

लॅपटॉप एकदा खऱ्या अर्थाने रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. म्हणून "रात्री बंद करून सकाळी लावला तरी तसाच" याला फारसा अर्थ नाही. रीस्टार्ट निवडलं की सगळं नव्याने सुरू होतं.

मग डिव्हाइस मॅनेजर. टचपॅडची नोंद दोनपैकी एका ठिकाणी मिळेल: माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेसखाली, किंवा ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली. दुसऱ्या ठिकाणी असेल तर तो बहुधा प्रिसिजन टचपॅड आहे. ही पद्धत विंडोज ८.१ सोबत आली. तिच्यात टचपॅड फक्त बोटांच्या जागा कळवतो आणि त्यांचा अर्थ विंडोज लावतं. जुन्या पद्धतीत हे काम सिनॅप्टिक्स किंवा एलानसारख्या कंपनीचा ड्रायव्हर करत असे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या सुमारास अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर ११ चढवलं. अशा लॅपटॉपवर कंपनीचा ड्रायव्हर जाऊन विंडोजचा साधा ड्रायव्हर बसला की तीन बोटांच्या खुणा गायब होतात आणि बाणही निराळा वागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलसाठी विंडोज १० चाच ड्रायव्हर असेल तर तो ११ वर सहसा चालतो.

नोंदीवर दोनदा क्लिक करा आणि इव्हेंट्स हा टॅब उघडा. याच्याकडे फार थोडे लोक बघतात, पण तो सोन्यासारखा आहे. हे यंत्र कधी बसवलं गेलं, ड्रायव्हर कधी बदलला, याच्या तारखा तिथे ओळीने असतात. तुमचा त्रास सुरू झाला त्या तारखेला तिथे काहीच घडलेलं नसेल, तर टचपॅडचा ड्रायव्हर बदललेला नाही आणि तो काढून काही साधणार नाही. ड्रायव्हर टॅबवर २१ जून २००६ अशी तारीख दिसली तर दचकू नका. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम हीच जुनी तारीख टाकतं, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असला की तो नवा ठरावा.

टचपॅडच्या नोंदीत काही नसेल तर सिस्टिम डिव्हायसेसखाली आय-टू-सी कंट्रोलर शोधा, इंटेलचा किंवा एएमडीचा. प्रिसिजन टचपॅड बहुधा या कंट्रोलरमार्फत प्रोसेसरशी बोलतो. अपडेटने टचपॅडला हात लावलेला नसतो पण कंट्रोलरचा ड्रायव्हर बदललेला असतो, आणि लोक भलतीकडे शोधत राहतात. त्याच्याही इव्हेंट्समधल्या तारखा बघा.

तारीख जुळली की त्याच नोंदीत रोल बॅक ड्रायव्हर दाबा. ते बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल क्रमांक टाकून, आधीची आवृत्ती उतरवा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअर्स वापरू नका. ती आवृत्ती हातात आल्यावरच सध्याचा बिघडलेला ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा आणि तो पुसून टाकण्याच्या चौकोनात खूण करा. खूण केली नाही तर विंडोज स्वतःच्या साठ्यातून तोच ड्रायव्हर परत बसवतं. नुसतं काढून रीस्टार्ट करणाऱ्यांना पुन्हा तोच अनुभव का येतो, याचं एक कारण हे.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच टचपॅड बिथरत असेल तर गुणधर्मांमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब आहे का बघा आणि वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची परवानगी काढून घ्या. सगळ्या लॅपटॉपवर तो टॅब नसतो.

पुन्हा येऊ नये म्हणून

काढलेला ड्रायव्हर परत येण्याचं दुसरं कारण म्हणजे विंडोज अपडेट ड्रायव्हरही आणतं. तुम्ही आज जुना बसवला की पुढच्या फेरीत नवा परत येतो. शोधाच्या चौकटीत डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज शोधा आणि तिथल्या प्रश्नाचं उत्तर नो ठेवा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटखाली ड्रायव्हर वगळण्याचा स्पष्ट पर्याय आहे, तो जास्त भरवशाचा. होम आवृत्तीवर अपडेट्स काही आठवडे थांबवता येतात, तेवढ्यात कंपनीकडून सुधारित ड्रायव्हर येतो का ते पाहायचं. अपडेट्स कायमची बंद करण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. त्यांच्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या लॅपटॉपवर हा सौदा फार महागात पडेल.

विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं, पण ती मुभा साधारण १० दिवसांची असते. छोट्या मासिक अपडेटसाठी अपडेट हिस्टरीत अनइन्स्टॉलचा पर्याय आहे.

लिनक्सवर हे प्रकरण सरळ आहे. अपडेटने नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आणलं तरी बहुतेक वितरणांत जुनं शिल्लक असतं. सुरू होताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुनं कर्नल निवडा. टचपॅड सुधारला तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे. सुधारला नाही तर लिबइनपुट या सॉफ्टवेअरकडे बघा, कारण बोटांच्या हालचालींचा अर्थ तो लावतो. मॅकवर आधी लॅपटॉप पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग सेफ मोडमध्ये चालवून बघा. बाहेरचा माऊस जोडला की अंगचा ट्रॅकपॅड बंद करणारा पर्याय ॲक्सेसिबिलिटीत असतो, तोही तपासा.

दोष यंत्राचाच ठरला आणि दुकानात जायची वेळ आली, तर आधी फायलींची प्रत काढा. एका कागदावर लिहून न्या: बॅटरीवर कसा वागतो, चार्जरवर कसा, बायोसमध्ये कसा, आणि ड्रायव्हरची आवृत्ती कुठली. टचपॅड बदलायला सांगितलं तर आधी त्याची चपटी केबल काढून पुन्हा नीट बसवून पाहायला सांगा. ती सैल झाल्यावरही बाण असाच उड्या मारतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो बाहेर कुठेही उघडू न देता थेट कंपनीच्या सेवा केंद्रात न्या.